सुई हिरव्यात आहे

३ फेब्रुवारी

ती. अक्कांना नमस्कार.

पत्र शाळेतूनच लिहितेय. मधल्या सुट्टीत आमच्या वाचनालयात कुणी फिरकत नाही, आणि घरी लिहायला बसलं की हे विचारतात, "नणंदेकडे आज माझी कोणती कागाळी?" तुम्हीही उत्तर शाळेच्याच पत्त्यावर पाठवा.

तुम्ही शिवलेला कोट यांना अगदी अंगासरसा बसला. आरशासमोर उभे राहून म्हणाले, "दोन वर्षांत अक्काने माझं माप घेतलं नाही, तरी पोट बरोबर ओळखलं."

आणखी एक गंमत सांगायची आहे. म्हणजे आता गंमत वाटते. गेल्या गुरुवारी सकाळी हे धुलाई कारखान्यात जायला निघाले होते. शर्टाची बटणं लावता लावता तिसऱ्या बटणाशी उजवा हात थांबला. मला वाटलं, काही आठवलं असेल. मग चहाचा कप उचलला तो सरळ खाली. मी म्हटलं, "आत्ताच फरशी पुसली होती," तर काहीतरी बोलले, पण त्यात शब्द म्हणून एक नव्हता. तोंडात घास धरून बोलावं तसं. अक्का, मला हसू आलं. वाटलं, नक्कल करताहेत. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी राहिलं.

दहा-बारा मिनिटं चाललं असेल. नंतर हाताची मूठ उघडमीट करत स्वच्छ बोलले, "झोप नीट झाली नाही." उरलेली बटणं लावली आणि कामावर गेले.

बॉयलरच्या धगीनं झालं असेल. हजार चादरी-टॉवेलांना पुरेल एवढी वाफ, आणि तिच्याशेजारी आठ तास उभं राहायचं. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणाले, "आलं आणि गेलं. त्याच्या मागे काय धावायचं?" तुम्हाला कळवू नको असं बजावलंय. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेतच, आणि इतक्या जपून घेतात की एका महिन्याच्या गोळ्या दोन-तीन महिने पुरतात.

तुमची तब्येत कशी आहे?

तुमची,
चिमणी


८ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाची बाही कापत होते. "हसू जागच्या जागी राहिलं" इथवर वाचलं आणि कात्री खाली ठेवली. कालपासून ती बाही तशीच पडून आहे.

तुला रागावत नाही. पण ही गंमत नाही गं. तुला माहीत आहे, चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण छापलेलं काही मी सोडत नाही, कापडाला गुंडाळून आलेला कागदसुद्धा. आणि समोरच्या औषधवाल्याला इतके प्रश्न विचारते की मला पाहिलं की तो आधी खुर्ची पुढे करतो. त्याला नाव न सांगता तुझी हकीकत सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "मेंदूकडे जाणाऱ्या नळीत गुठळी अडकली आणि नशिबानं सुटली. पुढची सुटेलच असं नाही. पुढची आठवड्यातही येते. त्यांना आजच्या आज दवाखान्यात न्या." आज म्हणजे त्यानं सांगितलं तो आज. माझं पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत त्याचे चार दिवस होतील. म्हणून न राहवून मी काल फोन केला. नेमका धाकट्यानंच उचलला. "अक्का, मी ठणठणीत," म्हणाला आणि ठेवून दिला. तू मागे भांडी लावत होतीस, आवाज येत होता.

तर आता मी सांगते ते पाठ कर. माप घेताना मी आधी टेप लावत नाही. माणसाला समोर उभं करते आणि डावं-उजवं जोडून बघते. तूही तसंच बघ. त्याला हसायला सांग. ओठाचं एक टोक खाली राहिलं का? दोन्ही हात पुढे धरायला सांग, डोळे मिटून. एक हात आपोआप खाली येतो का? एक साधं वाक्य म्हणायला सांग, "माझा चष्मा खिडकीत आहे" असं काहीतरी. शब्द घसरतात का? यातलं एकही दिसलं तर घड्याळ बघ, वेळ लक्षात ठेव आणि रुग्णवाहिका बोलाव. पाणी पाजू नकोस, गोळी देऊ नकोस. आणि "जरा पडतो, झोपलो की बरं वाटेल" म्हणाला तर मुळीच ऐकू नकोस. हे शेवटचं दोनदा वाच. का, ते पुन्हा कधीतरी सांगेन.

महिन्याच्या गोळ्या तीन महिने कशा पुरतात? मला हा हिशोब कळला नाही.

माझं विचारलंस, तर मला काय धाड भरलीय. औषधवाला परवा माझ्याही दंडाला तो पट्टा बांधायला निघाला होता. मी म्हटलं, "बाबा, मी लोकांची मापं घेते, देत नाही."

तुझी,
अक्का


१३ फेब्रुवारी

ती. अक्का,

वादळ झालं. तुमच्या फोनवरून त्यांनी ओळखलं की मी लिहिलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, फक्त "मीठ दे" एवढंच. तेही द्यायला नको होतं.

गोळ्यांचा हिशोब आता मला कळलाय. हे रोज गोळी घेतच नाहीत. घरात दाब मोजायचं यंत्र आहे ना, त्यावर रोज सकाळी आकडा बघतात. आकडा वर असेल तर गोळी, नसेल तर नाही. मी विचारलं, असं कुणी सांगितलं? तर बॉयलर समजावला मला. "दाब वाढला की झडप उघडायची. तबकडीवरची सुई हिरव्या पट्ट्यात आली की बंद करायची. सुई हिरव्यात असताना कुणी झडप उघडी ठेवतं का? वाफ वाया जाईल, काम बंद पडेल. तीस वर्षं हेच करतोय. माझा एक बॉयलर कधी फुटलाय?"

तीस वर्षांत फुटला नाही हे खरंच आहे.

डॉक्टरांकडे न जाण्याचं खरं कारण वेगळं आहे, अक्का. दर वर्षी त्यांना तब्येतीचा दाखला द्यावा लागतो. फीट आली, हात गेला, असं काही कागदावर आलं तर बॉयलरजवळ उभं करणार नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. म्हणाले, "मला चादरींच्या घड्या घालायला बसवतील. मी बसणार नाही."

पण तुम्ही काळजी करू नका. मी माझ्या परीनं एक उपाय चालू केलाय. त्यांना कळलेलं नाही. दोन-तीन दिवस झाले, आकडा रोज चांगला येतोय.

रोज सकाळी ते बटणं लावतात आणि मी दाराआड उभी राहून मोजते. एक, दोन, तीन. तिसरं लागलं की श्वास घेते.

चिमणी


१७ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

उपाय म्हणजे त्याच्या सिगारेटी लपवल्यास ना? शाबास. तसंच चालू ठेव. मीही त्याच्या लहानपणी त्याच्या गोट्या डाळीच्या डब्यात लपवायची.

सोबत त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी आहे. जेवण झाल्यावर दे, पोट भरलं की तो ऐकतो.

"धाकट्या, तू मागे मला तुझा कारखाना दाखवायला नेलं होतंस. एका कोपऱ्यात निळं पिंप होतं. मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, पाण्याचं औषध. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्यात रोज घालायचं, नाहीतर नळ्यांच्या आत क्षार धरतो. मी विचारलं, सुई हिरव्यात असली तरी रोज? तू हसलास. अक्का, तू शिवणकामच कर, म्हणालास. क्षार सुईवर दिसत नाही. सुई हिरव्यात असते आणि नळी आतून अरुंद होत असते, एक दिवस चुकवला तरी.

"मग सांग, ही गोळी झडप आहे की निळं पिंप? मी शिवणकामवाली. मला काय कळतं."

मिळेल त्या दिवशीच दे त्याला. आणि चिमणे, डॉक्टरांकडे ने. दाखला गेला तर घड्या घालेल. घड्या घालायला दोन हात लागतात, एवढं त्याला सांग.

अक्का


२ मार्च

चिमणे,

तेरा दिवस झाले. शाळेच्या पत्त्यावर मी मध्ये एक कार्डही टाकलं. फोन वाजतो आणि वाजतच राहतो. काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. त्याने माझ्याकडे बघून कोट परत ठेवला.

दोन ओळी लिही. वाईट असेल तर वाईट लिही.

अक्का


४ मार्च

ती. अक्का,

आधी हे सांगते की ते आहेत.

दवाखान्यातून मी तुम्हाला फोन करायला तीनदा उठले. तिन्ही वेळा परत बसले. मी काय केलं ते फोनवर सांगायची हिंमत नव्हती.

माझा उपाय सिगारेटींचा नव्हता. मी गोळी कुटून रोज सकाळी त्यांच्या चहात घालत होते. वेगळी पट्टी आणून पीठ चाळायच्या चाळणीखाली ठेवली होती. डॉक्टरांनी रोज एक लिहून दिली आहे, मग रोज एक गेली तर बिघडलं कुठे, असं मनाशी धरलं. तुम्ही शाबास म्हणालात, तेव्हा वाटलं तुम्ही ओळखलंत आणि कागदावर लिहायचं टाळलंत.

आणि त्याचं झालं काय? आकडा रोज चांगला यायला लागला. हे खूश. "बघ, गोळीशिवाय सुई हिरव्यात." तुमची चिठ्ठी दिली तर वाचून घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. म्हणाले, "अक्का हुशार आहे. पण निळ्या पिंपाची गरज कोणाला, ज्याचं पाणीच चांगलं आहे त्याला?" चहातली गोळी सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासूनच त्यांनी मोजायचंही सोडलं होतं. खरं सांगायचं ओठांवर आलं होतं, अक्का. जिभेच्या टोकाशी. पण आता सांगितलं तर चहाच सोडतील, ही भीती.

मग बावीस तारखेला भाचीच्या बाळंतपणाला मला तीन दिवस जावं लागलं. मी नाही, म्हणजे चहातलं नाही. परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, पंचवीसला सकाळी, मी कुटायला घेतलंच होतं.

सात वाजून दहा मिनिटांनी ते म्हणाले, "तीन दिवस तू नव्हतीस, तर जेवणात मीठ चवीपुरतं होतं." धड, स्वच्छ टोमणा. सात पंचविसला बटणं. मी दाराआड. एक. दोन.

तिसरं लागलं नाही.

समोर गेले. म्हटलं, हसा. अक्का, ते हसले आणि अर्धंच तोंड हसलं. उजवा हात उचलेना. "माझा चष्मा खिडकीत आहे" म्हणा म्हटलं तर नुसता आवाज आला. मग त्यांनी डाव्या हातानं उशीकडे बोट केलं. पडतो, असं. डोळ्यांत इतकी विनवणी की मी उशी नीट करायला वाकलेसुद्धा. हात उशीवर होता माझा. तेव्हा आठवलं, हे शेवटचं दोनदा वाच.

रुग्णवाहिका वीस मिनिटांनी आली. दवाखान्यात पहिला प्रश्न, "शेवटचे नीट कधी होते?" मी म्हटलं, सात-दहाला, मिठावरून बोलले. डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. मग विचारलं, "कोणती औषधं चालू?" हे खाटेवर, डोळे उघडे, सगळं ऐकत होते. मी चहाचं सांगितलं. त्यांच्यासमोर. तीन दिवस चुकले तेही, आणि महिन्यापूर्वीचं ते दहा मिनिटांचंही सांगितलं.

डोक्याचा फोटो काढला. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं म्हणे, आणि नंतर जितका उशीर तितका मेंदू जातो. आम्हाला दीड तास झाला होता, लगेच दिलं.

नंतर मी बाईंना विचारलं, "माझ्यामुळे झालं का?" त्या म्हणाल्या, "तीन दिवसांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. महिन्यापूर्वी ते दहा मिनिटं आलं होतं, तेव्हाच इथे यायला हवं होतं. पण चोरून औषध पुन्हा कधी देऊ नका. माणसाला वाटतं आपण बरे आहोत, आणि तो सावध राहायचं सोडतो." हे शेवटचं वाक्य मला आयुष्यभर पुरेल.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून पहिलं अख्खं वाक्य निघालं. एकेक शब्द वेचून, माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा... कडू... लागायचा. वाटलं, तुझा हात बिघडला."

ते हसले की मी अजून ओठांची दोन्ही टोकं बघते. उजवं थोडं मागे राहतं.

मला माफ करा.

चिमणी


९ मार्च

चिमणे,

मी रविवारी येतेय. त्याआधी हे कागदावर पोचू दे, तोंडानं मला जमणार नाही. समोर आल्यावर याच्याविषयी काही विचारू नकोस.

आई झोपेत गेली असं आपल्या घरात सांगतात. धाकटा तेव्हा बारा वर्षांचा होता, त्याला तेच माहीत आहे. मी एकोणीस वर्षांची. सकाळी आई माझ्या शेजारी काजं करत बसली होती. तिच्या हातातून सुई पडली. उचलून दिली, परत पडली. मी म्हटलं, "आई, असं तोंड काय करतेस?" ती म्हणाली, जरा पडते. म्हणजे म्हणाली असावी; शब्द लागत नव्हते. मी उशी दिली. पांघरूण घातलं. धाकटा शाळेतून आला तेव्हा मीच त्याला दारात थांबवलं, "आवाज करू नकोस, झोपू दे तिला."

दुपारभर मी मशीनसुद्धा चालवलं नाही, तिची झोप मोडू नये म्हणून.

तेव्हा ते विरघळवायचं औषध नव्हतंच, आणि आमच्या दारी कोण डॉक्टर येणार होता. हे मला कळतं. तरी ती उशी आजही माझ्या हातात आहे.

तुझा हात उशीवरून मागे आला, चिमणे. माफी कसली मागतेस? आणि न विचारता शाबास म्हणणारी मी. एक ओळ लिहून विचारलं असतं, कसला उपाय गं, तर? तेव्हा आपण दोघी इथे बरोबरीच्या.

अक्का


५ एप्रिल

अक्का,

हे पत्र चार दिवस लिहितोय. उजव्या हातानं लिहितोय, म्हणून अक्षरावर हसू नकोस. व्यायाम शिकवायला येणारी म्हणते, रोज लिहा. मग कोणाला लिहू? कारखान्याला लिहून झालं. बॉयलर आता दुसऱ्याकडे आहे. मला नोंदवही दिलीय. वाफेचा आकडा, पाण्याचा आकडा, निळ्या पिंपाची खूण. दर तासाला तो ओरडून सांगतो, मी लिहितो. काल त्यानं पिंपाचं न सांगताच पुढचा आकडा सांगितला. मी पेन खाली ठेवलं.

घरी भिंतीवरही तसाच कागद लावलाय. तारीख, वेळ, दाब, गोळी, सिगारेट. सिगारेटच्या रकान्यात छत्तीस दिवस शून्य आहे. चहा मी स्वतः करतो. तिला सांगितलंय, तू कपाला हात लावू नकोस. ती हसते, पण लांब उभी राहते.

तुझं आईचं पत्र चिमणीनं मला वाचायला दिलं. मीच मागितलं. तू मला दारात थांबवलं होतंस ते मला आठवतं. मी दप्तर छातीशी धरून पायरीवर बसलो होतो. तुझा राग कधी आला नाही, एवढं लिहून ठेवतो.

भीती जात नाही, अक्का. तिसऱ्या बटणाशी रोज थांबतो. ते लागतं. तरी थांबतो.

आता मुद्दा. तू आमच्याकडे आठ दिवस राहिलीस. रोज माझा दाब मोजलास, रोज कागदावर लिहिलास. आईला हे झालं, मला हे झालं. मी दोनदा यंत्र तुझ्याकडे सरकवलं. एकदा तू दूध बघायला उठलीस, एकदा तुला माझ्या कोटाचं अस्तर उसवलेलं दिसलं. ते उसवलं नव्हतं. मी नंतर बघितलं.

तुझ्या एकाही पत्रात तुझा आकडा नाही.

सोबत कोरा कागद आखून पाठवतोय. भर आणि पाठव. तोवर मी कोट घालणार नाही.

धाकटा


१३ एप्रिल

धाकट्या,

तीन दिवस तुझा कागद मशीनच्या खणात होता. खण उघडायची, रीळ काढायची, बंद करायची. चौथ्या दिवशी रस्ता ओलांडला.

औषधवाल्यानं खुर्ची पुढे केली. पट्टा बांधला. तो फुगायला लागला आणि माझ्या कानात माझंच मशीन चालू झालं. मला वाटलं होतं, मी सगळं वाचलंय, मला कशाची भीती. तसं नसतं रे. पन्नास वर्षं मी माणसांना समोर उभं करते, आणि छातीशी टेप नेला की प्रत्येक जण श्वास रोखून धरतो. मी प्रत्येकाला सांगत आले, "सोडा श्वास, सैल उभे राहा, नाहीतर माप चुकेल." ते का रोखतात, हे मला कधी कळलं नव्हतं.

औषधवाला म्हणाला, "अक्का, श्वास सोडा."

मी सोडला. एकशे अठ्ठ्याऐंशी, खाली एकशे चार. थोडं थांबून त्यानं पुन्हा मोजलं. दोनच कमी आले.

तो स्वतः दुकान बंद करून मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. कागद सोबत आहे. पहिली ओळ भरलीय. गोळीच्या रकान्यात खूण आहे, वेळ सकाळी सात.

कोट घाल.

अक्का